कवटी छापून मिळते, पण भोकं बुजवू नका म्हणून आधीच सांगा

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीवाल्यांना पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना, करून देणारं एक जुनं वर्कशॉप आहे. सागवानी पॅटर्नवर तीस वर्षं हात चालवलेले मेस्त्री आणि डिप्लोमा करून आलेला त्यांचा पुतण्या, एवढीच माणसं. पुतण्याने मध्ये दोन थ्रीडी प्रिंटर आणून बसवले आणि आता फाइल नेऊन दिली की काय पाहिजे ते छापून मिळतं. दुकानाचं नाव लिहीत नाही. एक तर दारावर पाटीच नाही, आणि मेस्त्रींनीही "नाव तेवढं नको टीचर" म्हणून हात जोडले. माझं काम बघून शेजारच्या लेथवाल्यांनी त्यांना 'कवटीवाले' करून टाकलंय, तेवढी प्रसिद्धी त्यांना पुरे झाली. खानापूर रोडवर उतरून एखाद्या चहाच्या टपरीवर तेच विचारा, दाखवतील.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवते. कवट्या कशाला छापायला दिल्या हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून आधी ते.

2024 च्या जूनमध्ये नववीच्या वर्गात जीवाश्मांचा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, हाडं शोधून कुणाचं पोट भरतंय काय?" प्रश्न रास्त होता. आमच्या पोरांची करिअरची यादी आखूड: आयटीआय, डिप्लोमा, मिलिटरी, नाहीतर गोव्याला नोकरी. म्हटलं, एका माणसाचं अख्खं करिअरच यांच्यासमोर मांडूया. माणूस निवडला ऑस्ट्रेलियातला मायकेल आर्चर. जन्म सिडनीचा, वाढला अमेरिकेत, प्रिन्स्टनला शिकला, 1967 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर परत ऑस्ट्रेलियात गेला तो तिथलाच झाला. पोटाला पिशवी असलेले प्राणी कुठून आले, कसे पसरले आणि त्यातले कितीतरी का संपले, यातच त्याची हयात गेली. 1983 मध्ये क्वीन्सलंडच्या वायव्य कोपऱ्यात, रिव्हर्सली नावाच्या ठिकाणी, त्याच्या चमूला हाडांनी खच्चून भरलेली चुनखडी सापडली. अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातले प्राणी त्या दगडात. 1994 मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. तिथलं काम त्याला पुढे दशकानुदशकं पुरलं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनाही.

आता हे नुसतं बोलून पोरांच्या डोक्यात बसत नाही, हातात काहीतरी द्यावं लागतं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात कुत्र्याची एक कवटी आहे, कुणा जुन्या मास्तरांनी साफ करून ठेवलेली. तिच्या शेजारी थायलसीनची कवटी ठेवायची आणि 'ओळखा' म्हणायचं, असा बेत. थायलसीन म्हणजे पाठीवर पट्टे असलेला टास्मानियाचा वाघ. त्याचा वाघाशी काही संबंध नाही आणि कुत्र्याशीही नाही. तो कांगारूच्या गोतावळ्यातला. पण शिकार करणाऱ्याचं तोंड जसं लागतं तसं दोघांचंही घडत गेलं. पुस्तकात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. पोरांना मी सांगते, नांगर बेळगावातला असो की विजापुरातला, फाळ टोकदारच असणार.

संग्रहालयांनी सीटी स्कॅन करून खुल्या ठेवलेल्या फायली इंटरनेटवर मिळतात. दोन उतरवून घेतल्या: थायलसीन पूर्ण आकाराचा आणि थायलकोलिओ, म्हणजे पिशवीवाला सिंह, निम्म्या आकारात. पेन ड्राइव्ह घेऊन ऑगस्टच्या शेवटी उद्यमबाग गाठली. (कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे आम्हा बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, म्हणून पुढच्या पाच फेऱ्या परवडल्या. नाहीतर खर्चात तेही धरावं लागलं असतं.)

"बसा की टीचर, चा सांगतो," म्हणून मेस्त्रींनी स्टूल पुढे केलं. पुतण्याने फाइल उघडली. मेस्त्रींनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुत्रं काय हे?" माझा पहिलाच विद्यार्थी नापास झाला, पण बेत जमणार याची खात्रीही तिथेच पटली.

दर सात रुपये ग्रॅम, घासून प्रायमर मारून रंगवून पाहिजे असेल तर वर कवटीमागे पाचशे. आठ दिवसांत देतो म्हणाले.

इथे पहिली तक्रार. मला 7 सप्टेंबरच्या आत पाहिजे होतं. शेवटचा ज्ञात थायलसीन 7 सप्टेंबर 1936 ला टास्मानिया बेटावरच्या होबार्ट शहराच्या प्राणिसंग्रहालयात मेला, म्हणून ऑस्ट्रेलियात त्या दिवशी संकटग्रस्त प्रजातींचा दिवस पाळतात. पण त्या वर्षी 7 सप्टेंबरलाच चतुर्थी. शाळेला सुट्टी असणार हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, तो गाढवपणा माझा. पण प्रिंटरवर महिनाभर कमळं, मखराच्या कमानी आणि गणपतीचे उंदीरच चढणार हे मेस्त्रींना ठाऊक होतं, त्यांनी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. विचारायला गेले तर म्हणतात, "टीचर, गणपतीच्या टेबलावर कवटी कशी ठेवू?" यावर काय बोलणार.

14 तारखेला कवट्या हातात आल्या. घासून, प्रायमर देऊन, जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट रंग. सुळे असे की बोट लावताना जपावं वाटलं. मी खूश होऊन थायलसीन उलटा केला आणि टाळूकडे बघितलं. टाळू फरशीसारखी गुळगुळीत.

थायलसीनच्या टाळूच्या हाडाला मागच्या बाजूला दोन मोठी लांबट भोकं असतात. कुत्र्याच्या टाळूला तशी नसतात. दोन्ही कवट्या समोर ठेवल्या आणि तुम्ही त्या विषयात मुरलेले नसाल, तर उलटं करून ही भोकं बघणं हाच सोपा मार्ग. म्हणजे मी ज्या खुणेसाठी एवढा खटाटोप केला तीच गायब.

"भोकं कुठं गेली?"

"बुजवली की," मेस्त्री अभिमानाने म्हणाले. "कास्टिंगमध्ये असं भोक आलं तर पार्टी गाडीभर माल परत पाठवती. म्हटलं टीचरचा माल शाळेत रिजेक्ट होऊ नये."

झालं होतं असं, की सॉफ्टवेअरने फाइलीत भोकं आहेत म्हणून इशारा दिला, पुतण्याने 'रिपेअर'चं बटन दाबलं, आणि त्यातूनही जो थोडा खड्डा राहिला तो मेस्त्रींनी पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून सपाट केला. इतकं सुबक काम, की राग यावा की कौतुक करावं कळेना. मी पर्समधून व्हर्नियर काढला (विज्ञानाच्या बाईच्या पर्समध्ये दुसरं काय असणार). फाइलीत लांबी 218 मिलिमीटर, हातात 220. विचारल्यावर मेस्त्रींनी जीभ चावली. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न एक टक्का मोठा धरायचा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. प्लॅस्टिकच्या कवटीलाही त्यांनी आटणीचा हिशेब लावून ठेवला होता.

"ड्रिल मारून देतो की. कुठं मारू, किती एमएमचं?"

नको म्हटलं. ड्रिलने गोल भोक पडेल, मला थायलसीनचं भोक पाहिजे होतं. त्यांना स्टुलावर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक शब्द वाद घातला नाही, पुन्हा छापून देतो म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत. सत्तावीस तास चालणारी प्रिंट फुकट परत लावणं म्हणजे त्यांच्यासारख्याला किती पडतं हे मला कळतं. माझे पाचपैकी चार तारे इथेच ठरले.

तिसऱ्या दिवशी रात्री फोन. "टीचर, खालच्या जबड्याचा मागचा कोपरा दोन्हीकडून आत वळलाय. वॉर्प झालाय काय मूळचाच? पोरगा गरम हवा मारून सरळ करायला निघाला होता, मी हात धरला."

मूळचाच! फोनवरच ओरडले. जबड्याचा मागचा कोपरा आत वळलेला असणं ही बहुतेक सगळ्या पिशवीवाल्या प्राण्यांची खूण आहे. पुराजीवशास्त्रज्ञाला पिशवी सापडत नसते, ती कातडीची, कधीच कुजून गेलेली. त्याच्या हाताला लागतो जबड्याचा तुकडा, चार दात, नशीब असेल तर कमरेची हाडं. पॅरिसजवळच्या मोंमार्त्रच्या जिप्समच्या खाणीतून आलेल्या एका छोट्या सांगाड्याचे दात बघून कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1804 च्या सुमाराला सांगितलं होतं की हा पिशवीवाला ओपोसम, आणि मग साक्षीदारांसमोर दगड कोरून पिशवीवाल्यांना असतात ती ओटीपोटापुढची दोन जादा हाडं काढून दाखवली. आर्चरच्या चमूने रिव्हर्सलीत जे शेकड्याने जबडे तपासले त्यातही असंच: कोपरा वळलाय की नाही, दाढा किती, कुठला उंचवटा कुठे. आमच्या मेस्त्रींनी हात धरला नसता तर एक टास्मानियन वाघ गरम हवेच्या झोताखाली कुत्र्याच्या जातीत गेला असता.

थायलकोलिओची गंमत वेगळी. याला सुळे म्हणावेत असे नाहीतच. पुढे दोन दणकट दात, आणि मध्ये दोन्ही जबड्यांत दोन्ही बाजूंना लांबलचक पात्यासारखी एकेक दाढ. 1859 मध्ये रिचर्ड ओवेनने हा भयंकर मांसभक्षक म्हणून जाहीर केलं. फ्लॉवर नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने 1868 मध्ये हरकत घेतली: याचे जवळचे नातेवाईक गवत-पाला खाणारे, सुळे नाहीत, हा कसला शिकारी? पुढे कुणी कुणी त्याला फळं आणि खरबुजं खाणाराही ठरवलं. हा वाद मी मेस्त्रींना सांगत होते तोवर त्यांनी वरची-खालची दाढ एकमेकींवर घासून सरकवून बघितली आणि म्हणाले, "खरबूज कशाला कापायचं यानं? हे पत्रा कापायचं शिअर हाय. वरचं पातं खालच्याला चाटून जातंय बघा." ओवेनच्या बाजूने निकाल द्यायला विज्ञानाला शंभराहून जास्त वर्षं लागली, मेस्त्रींना चहा थंड व्हायच्या आत कळलं. नाही म्हणायला, त्यांच्यासमोर अख्खी कवटी होती, त्या लोकांकडे सुरुवातीला तुकडेच होते.

28 सप्टेंबरच्या शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर, कार्यक्रम झाला. चौतीस पोरं. दोन्ही कवट्या बाकावर, 'ओळखा'. कुत्र्याच्या तोंडात 42 दात, थायलसीनच्या 46, हे मोजायला त्यांना पाऊण तास लागला आणि चार वेळा चार वेगळी उत्तरं आली. याला थोडी प्रिंटही कारणीभूत आहे. थायलसीनला वर पुढचे दात एका बाजूला चार असतात, पण इतके चिकटून की साध्या थरात छापले तर दोन दातांचा एकच होतो. मी तक्रार केल्यावर पुतण्याने पुढचा भाग बारीक थरात वेगळा छापून चिकटवून दिला, सांधा शोधूनही सापडत नाही. ज्यांना बारकावे पाहिजेत त्यांनी बारीक थर आधीच मागा. वेळ जास्त लागतो, पैसे वजनावरच.

मग व्हिनेगर. रिव्हर्सलीची चुनखडी हातोड्याने फोडली तर हाडाचाही चुरा होतो, म्हणून दगडाचे धोंडे पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये (व्हिनेगरमध्ये असतं तेच) बुडवून ठेवतात. दगड विरघळतो, हाड वर येतं. पोरांनी लगेच पकडलं: "बाई, आम्ही कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये ठेवलं होतं ते रबरासारखं झालं होतं की!" बरोबर आहे. ॲसिड हाडालाही खातं, पण चुनखडीला जास्त वेगाने खातं. म्हणून धोंडा मधून मधून बाहेर काढून धुवायचा, उघडं पडलेलं हाड पक्कं करणारं द्रावण लावून वाचवायचं, पुन्हा बुडवायचं. एकेका धोंड्याला असे किती फेरे लागतात ते त्या हाडावर. खडूचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकून फेस दाखवला. "म्हणजे पगार घेऊन दगड धूत बसायचं," मागच्या बाकावरचा म्हणाला. होय बाबा, तेच.

आपल्याकडे पिशवीवाले का नाहीत, हाही प्रश्न आला. दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकमेकांना जोडलेले होते तेव्हा हे प्राणी त्या वाटेने ऑस्ट्रेलियात उतरले. 1982 मध्ये अंटार्क्टिकाच्या सेमूर बेटावर पिशवीवाल्याचा जीवाश्म सापडला आणि मधली पायरी हाताला लागली. क्वीन्सलंडच्या मर्गन इथले सगळ्यात जुने ऑस्ट्रेलियन पिशवीवाले सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे. आपला भूखंड त्याच्या कितीतरी आधीच त्या मंडळींपासून सुटून उत्तरेला निघालेला.

आणि संपले कसे. थायलकोलिओ चाळीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वी गेला. माणूस पोचल्यामुळे की हवामान बदलल्यामुळे, यावर अजून भांडण चालू आहे. थायलसीनचं मात्र जमाखर्चाच्या वहीत आहे. मेंढ्या मारतो म्हणून टास्मानियाच्या सरकारने 1888 ते 1909 पर्यंत मोठ्या जनावरामागे एक पौंड बक्षीस दिलं, 2,184 बक्षिसं वाटली. कायद्याने संरक्षण मिळालं 10 जुलै 1936 ला. शेवटचा मेला त्यानंतर 59 दिवसांनी. हे सांगताना वर्गात कुणी हसलं नाही. "परत करता येत नाही काय?" एका पोरीने विचारलं. आर्चर 1999 मध्ये ऑस्ट्रेलियन म्युझियमचा संचालक झाला आणि 1866 पासून दारूत बुडवून ठेवलेल्या थायलसीनच्या पिल्लातून डीएनए काढायचा प्रकल्प तिथे चालवला. 2005 मध्ये तो बंद झाला. 2022 पासून मेलबर्न विद्यापीठातले लोक एका अमेरिकन कंपनीबरोबर पुन्हा मागे लागलेत. मी पोरीला एवढंच सांगितलं की अजून कुणाला जमलेलं नाही.

कवट्या परत दाखवायला म्हणून मी त्या आठवड्यात वर्कशॉपला गेले, कारण मेस्त्रींनी 'पोरं काय म्हणाली' विचारून दोन फोन केले होते. ते मूळचे गोकाककडचे. त्यांना सांगितलं, 1874 मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूवैज्ञानिकाने गोकाकजवळ सापडलेल्या गेंड्याच्या जीवाश्माचं वर्णन छापलं, नाव ठेवलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. मेस्त्री हातातली पट्टी खाली ठेवून बघतच राहिले. "आमच्यात? गेंडा?" मग पुतण्याला हाक मारली, "अरे, ह्याची फाइल मिळती काय बघ."

तर हिशेब. दोन कवट्या, रंगासकट 3,480 रुपये. बिल आधी चिठ्ठीवर दिलं. शाळेला पक्कं लागतं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी जीएसटीचं दिलं. प्रायमरचा वास आठवडाभर जात नाही, हवेशीर ठेवा. कवटी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, हे प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मग जबडा खरंच वॉर्प होतो. अमावस्येला शटर खाली असतं. गणपतीच्या महिन्यात जाऊच नका. आणि काय छापायचंय त्यातली कुठली भोकं खरी आहेत, ते कागदावर काढून मेस्त्रींच्या हातात द्या.

दिवाळीनंतर एकदा त्यांचा सहज फोन आला होता. "टीचर, एका पार्टीचं पंपाचं केसिंग आलंय पॅटर्नला. ड्रॉइंगात नव्हती अशी दोन भोकं होती फाइलीत. आधी फोन करून विचारून घेतलं."

"मग?"

"खरी होती की."